पालक विचारतात : नर्सिंगची फी आणि नर्सिंगचा खरा खर्च

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला, बायोलॉजी घेऊन. नर्सिंगच करायचं म्हणते. माझी नोकरी खासगी, पगार 32 हजार. ओळखीतल्या एकानं इथलंच एक कॉलेज सुचवलंय : बीएस्सी नर्सिंग, वर्षाला 60 हजार, आणि 'रोज यायची गरज नाही, परीक्षेपुरतं आलं तरी चालेल'. सरकारी कॉलेजची प्रवेश परीक्षा अवघड असते असं सगळे सांगतात. काय करावं? (एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : 'परीक्षेपुरतं आलं तरी चालेल' हे वाक्य ज्या टेबलावर ऐकलंत, तिथून चहासाठीही थांबू नका. भारतीय नर्सिंग परिषदेच्या (सगळे तिला आयएनसी म्हणतात) नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते. पदवी मिळण्याआधी प्रत्येक विभागातली प्रॅक्टिकलची हजेरी पूर्ण 100 टक्के भरावी लागते. तापामुळे लेबर रूमच्या चार ड्यूट्या बुडाल्या, तर त्या चारही नंतर कराव्या लागतात. ही हजेरी जे कॉलेज घरबसल्या लावून देतं ते तपासणीत सापडतं, आणि त्याच्याबरोबर तुमची मुलगीही.

मध्य प्रदेशात हे घडून गेलंय. हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयनं राज्यातली नर्सिंग कॉलेजं तपासली आणि कित्येक अपात्र निघाली. मे 2024 मध्ये तर तपासणी करणारेच काही अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले आणि कोर्टानं फेरतपासणी लावली. या सगळ्यात 2020-21 ला प्रवेश घेतलेल्या मुलींची पहिल्या वर्षाची परीक्षा 2024 उजाडलं तरी झालेली नव्हती. फी मात्र भरलेली होती. म्हणून स्वस्त-महाग ठरवताना पहिला प्रश्न फीचा नको. चार वर्षांचा कोर्स चार वर्षांत संपून मुलीचं नर्स म्हणून रजिस्ट्रेशन होईल का, हे आधी विचारा.

सरकारी जागेचा प्रयत्न केल्याशिवाय खासगीकडे वळू नका. सरकारी कॉलेजची प्रवेश परीक्षा राज्याचं कर्मचारी निवड मंडळ घेतं, म्हणजे जुनं व्यापम. परीक्षेचं नाव पीएनएसटी. अभ्यास अकरावी-बारावीच्या पुस्तकांपलीकडे फारसा नाही. तिला 'अवघड' म्हणणारे बहुतेक वेळा फॉर्मच भरत नाहीत. इंदूरचं सरकारी नर्सिंग कॉलेज एमवाय हॉस्पिटल आणि एमजीएम मेडिकल कॉलेजच्या आवारातलं; सर्वांचा डोळा त्यावरच. पण पसंतीक्रम भरताना भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर वगळू नका. सरकारी फी आणि तिथलं हॉस्टेल धरूनही घरी राहून केलेल्या खासगी कॉलेजपेक्षा खर्च कमीच येतो.

मुली अडकतात त्या अभ्यासात कमी, कागदांत जास्त. आपल्या मराठी घरांत एक घोळ हमखास असतो : दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) तिसरंच काही. कर्मचारी निवड मंडळाच्या प्रोफाइलला आधारची पडताळणी जोडलेली असल्यामुळे हा फरक आयत्या वेळी गळ्याशी येतो. दहावीची मार्कशीट प्रमाण धरून आधार आणि समग्र आत्ताच, बारावीची परीक्षा व्हायच्या आत, दुरुस्त करून घ्या. मूळ निवासी, जात आणि उत्पन्नाचे दाखले लोकसेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. कियोस्कवाला फॉर्म भरतो तेव्हा शेजारी बसून वर्गवारीचा रकाना स्वतः वाचा.

सरकारी नाहीच मिळालं, तर खासगी कॉलेजची फाइल नव्हे, हॉस्पिटल बघायला जा. राज्य नर्सिंग परिषदेची मान्यता त्या-त्या सत्रापुरती असते. भिंतीवर फ्रेम करून टांगलेलं जुनं पत्र कामाचं नाही. चालू सत्राच्या यादीत कॉलेजचं नाव आणि जागांची संख्या दोन्ही पाहा, आणि तेच नाव आयएनसीच्या यादीतही शोधा. नियमानं 10 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो आणि क्लिनिकल पोस्टिंगला एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी अकराला कॉलेज ज्या हॉस्पिटलशी जोडलंय तिथे जा. ऑफिसात नको, वॉर्डातल्या सिस्टरला विचारा : 'सेकंड इयरच्या मुली आज कोणत्या वॉर्डात आहेत?' रोज मुली येत असतील तर उत्तर एका दमात येतं. एखाद्या विद्यार्थिनीची लॉगबुक पाहायला मिळाली तर आणखी चांगलं. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर अशा कामांपुढे तारीखवार सह्या असतात. तीन महिन्यांच्या सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच झुकावानं केलेल्या दिसल्या, तर काय ते समजा.

आता 60 हजारांचा हिशेब. चार वर्षांचे 2 लाख 40 हजार. समजा बसचे महिन्याला 1,500, वर्षात दहा महिने : चार वर्षांचे 60 हजार. आठ सेमिस्टरच्या परीक्षा, प्रत्येकी 3,000 धरले तर 24 हजार. गणवेश, बूट, पुस्तकं, प्रॅक्टिकलच्या फायली मिळून 25 हजार. झाले 3 लाख 49 हजार. शेजारचं कॉलेज 80 हजारांत बस-परीक्षा-गणवेश सगळं धरून देत असेल, तर ते 3 लाख 20 हजारांत बसतं. म्हणजे 'महाग' कॉलेज 29 हजारांनी स्वस्त. शुल्क नियामक समितीनं ठरवून दिलेल्या फीच्या आदेशाची प्रत मागा आणि 'क्लिनिकल चार्ज', 'डेव्हलपमेंट', 'सक्तीचं हॉस्टेल' यांचे आकडे लेटरहेडवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेला आकडा दुसऱ्या वर्षी बदलतो.

प्रश्न : पुण्याला माझी बहीण राहते. मुलीला तिच्याकडे ठेवून तिथल्या सरकारी कॉलेजात नर्सिंग करता येईल का? राहण्याचा खर्च वाचेल. (एक आई, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : मावशीचं घर असलं तरी जागा मिळत नाही. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यासाठी तिथला अधिवास लागतो आणि दहावी-बारावीही तिथलीच लागते. बीएस्सी नर्सिंगला तिथे स्वतंत्र सीईटी आहे. इंदुरात शिकलेल्या मुलीसाठी उरतात त्या संस्थेच्या कोट्यातल्या जागा, आणि त्यांची फी पाहिली की राहण्याची बचत कुठल्या कुठे जाते.

मात्र पुण्यातच एक दार असं आहे जिथे राज्य विचारत नाहीत : एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय. सैन्यदलांच्या नर्सिंग कॉलेजांत, पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू अशा सहा ठिकाणी मिळून, 220 जागा असतात. फक्त अविवाहित (किंवा अपत्य नसलेल्या विधवा, घटस्फोटित) मुलींसाठी. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी घेऊन पहिल्याच प्रयत्नात, किमान 50 टक्क्यांनी. निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते. मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि लष्करी वैद्यकीय तपासणी. शिक्षण, राहणं, जेवण फुकट, वर विद्यावेतन. बदल्यात सेवेचा बाँड, आणि कोर्सनंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक. पैशाच्या दृष्टीनं याहून स्वस्त रस्ता नाही.

चूक होते ती अशी : 'आम्हाला डॉक्टर कुठे व्हायचंय' म्हणून घरचे नीटचा फॉर्मच भरत नाहीत. आणि ज्या भरतात त्यांतल्याही काही जणींना माहीत नसतं, की नीट दिल्यानंतर सैन्याच्या भरती संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. तो आपोआप जात नाही.

प्रश्न : जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा) तीन वर्षांत होतं आणि फीही कमी. मग बीएस्सीचं चौथं वर्ष कशाला? (पालक, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : रजिस्टर्ड नर्स दोन्हींतून होता येतं. फरक पुढे पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला (नॉरसेट) बीएस्सीवाली मुलगी रजिस्ट्रेशन झाल्यावर लगेच बसते. जीएनएमवालीला किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं. पुढे शिकवायचं किंवा एमएस्सी करायचं तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं, तिथेही पाच.

तरीही दोन घरांना आम्ही जीएनएम सुचवू. एक, जिथे तीन वर्षांनी पगार घरात येणं खरोखर गरजेचं आहे. दुसरं, जिथे मुलीनं बायोलॉजी घेतलेलं नाही. बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत 45 टक्के लागतातच (अनुसूचित जाती-जमातींना 40). जीएनएमला परिषदेच्या नियमात इंग्रजीसह बारावी, 40 टक्के आणि वयाची 17 वर्षं पुरतात. पण सरकारी जागांसाठी राज्याची अट त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचूनच फॉर्म भरा. चांगल्या, गजबजलेल्या हॉस्पिटलचं जीएनएम हे रिकाम्या खाटांच्या कॉलेजातल्या बीएस्सीपेक्षा कधीही उजवं.

प्रश्न : बँकेनं कर्ज द्यायची तयारी दाखवलीय. 3 लाखांवर शेवटी किती बसतील? काही गहाण ठेवावं लागेल का? (शिवणकाम करणाऱ्या एक आई, इंदूर)

उत्तर : गहाण नाही. साडेसात लाखांपर्यंतची शैक्षणिक कर्जं सरकारी हमी योजनेत बसतात, आणि 4 लाखांपर्यंत तुम्हाला स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही.

व्याजाचा हिशेब असा. बँक 3 लाख एकदम देत नाही. दर वर्षी 75 हजार थेट कॉलेजला देते. हप्ता सुरू होतो कोर्स संपून एक वर्षानं. 10 टक्के सरळ व्याज धरलं तर पहिल्या 75 हजारांवर पाच वर्षांचं 37,500, दुसऱ्यांवर 30,000, तिसऱ्यांवर 22,500 आणि चौथ्यांवर 15,000. एकूण 1 लाख 5 हजार. तुमच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याजसवलत योजनेत हे व्याज सरकार भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत जमा व्हावा लागतो, आणि कॉलेजला नर्सिंग परिषदेची मान्यता असावी लागते. मुलीनं कोर्स मधेच सोडला तर सवलत बंद होते. म्हणजे कर्जाचाही धागा शेवटी कॉलेजच्या मान्यतेशीच येऊन मिळतो.

शिष्यवृत्ती मिळेल म्हणून पहिल्या वर्षाची फी तिच्या भरवशावर सोडू नका. पैसे खात्यात यायला उशीर होतो. तोवरची सोय वेगळी हवी.

प्रश्न : कॉलेज प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट जमा करून घेतंय. द्याव्यात का? (पालक, राऊ)

उत्तर : पडताळणीसाठी दाखवा, आणि त्याच टेबलावरून परत घ्या. टीसी आणि मायग्रेशन तेवढं मूळ द्यावं लागतं. त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या आणि देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा. सरकारी यादीत नाव दुसऱ्या फेरीत लागलं आणि मार्कशीट खासगी कॉलेजच्या कपाटात अडकल्या, तर सोडवायला पुढच्या तिन्ही वर्षांची फी मागतात. फॉर्म भरतानाच विचारा : प्रवेश रद्द केला तर किती परत मिळेल, आणि किती दिवसांत. उत्तर पावतीच्या मागे लिहून, सही करून द्यायला सांगा.