वाचकांचे प्रश्न: उन्हाळी गणित शिबिराचा अर्ज

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. दहावीतल्या आमच्या मुलीला गणिताची मनापासून ओढ आहे. रॉस, प्रॉमिस आणि मॅथकॅम्प यांपैकी कोणते शिबिर निवडावे? अर्जासोबतच्या प्रश्नसंचातले निम्मेही प्रश्न तिला अजून सुटलेले नाहीत. तिच्या बाबांनी थोडी मदत केली तर चालेल का?

उत्तर: आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तोच अधिक महत्त्वाचा आहे. कृपया मदत करू नये. हे प्रश्न अर्जदाराने स्वतःच सोडवावेत असा नियम आहेच; पण क्लास लावून तयारी करून घेण्याची आपली सवय इथे मुलीच्या हिताच्याही आड येते. शिबिरात तिला रोज हेच करायचे आहे, आणि ते तिला आवडते का, हे या प्रश्नांशी एकटीने झगडतानाच तिला कळेल.

एक उदाहरण घेऊ. लागोपाठच्या दोन किंवा अधिक नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणत्या संख्या लिहिता येतात? ९ म्हणजे ४ + ५, ६ म्हणजे १ + २ + ३. पण १, २, ४, ८, १६ काही केल्या जमत नाहीत. इथे उत्तर हाती आल्यासारखे वाटते, तरी खरे काम पुढेच असते: २ चा कोणताच घात कधीही जमणार नाही, हे कशावरून? अशा प्रत्येक बेरजेला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असतोच (२ च्या घाताला तो नसतो), एवढे जरी तिने सिद्ध केले आणि उलट बाजूची, म्हणजे असा विभाजक असलेली प्रत्येक संख्या या रीतीने लिहिता येते याची, सिद्धता जमली नाही असे स्पष्ट लिहिले, तरी ते लिखाण मोलाचे ठरते. सगळे प्रश्न सुटलेच पाहिजेत, अशी यांपैकी कोणाचीही अट नाही.

आता निवडीविषयी. रॉस हे गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केले; त्याच परंपरेतून आलेले प्रॉमिस १९८९ पासून बॉस्टन विद्यापीठात भरते. दोन्हीकडे नवागतांना प्रामुख्याने संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) शिकवतात आणि रोज नवा प्रश्नसंच देतात. पाच आठवड्यांच्या मॅथकॅम्पमध्ये मात्र विषय मुलेच निवडतात. एकाच गोष्टीत दिवसेंदिवस बुडून राहणे तिला आवडत असेल, तर मी पहिल्या दोहोंकडे झुकेन.

अर्ज साधारणपणे मार्चमध्ये बंद होतात. शिफारसपत्रासाठी, वर्ग संपल्यावरही ती ज्यांना शंका विचारत थांबते, अशा शिक्षकांना नाताळच्या सुट्टीआधीच विनंती करावी. शुल्क परवडणारे नसेल, तर आर्थिक साहाय्याचा अर्ज संकोच न करता वेळेत भरावा.