पेटी, तोफ आणि ‘बोक्-होक्’

प्रश्न असा आहे : चिनी युद्धपटांत ज्याला ‘बॉक्स कॅनन’ म्हणतात, त्याला मराठीत ‘पेटीतोफ’ म्हणावं का?

म्हणा, पण ‘रिव्हॉल्व्हर’ म्हणू नका! दिसेल त्या पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर म्हणायची खोड आता पुरे. रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र लागतं. हे जर्मन माउझर कंपनीचं १८९६ सालचं पिस्तूल. चापाच्या पुढे दहा काडतुसांचा खण, आणि म्यान लाकडाचं. तेच म्यान मुठीला मागून अडकवलं की दस्ता होतो आणि खांद्याला टेकवून नेम धरता येतो. या लाकडी पेटीवरून चिनी नाव पडलं ‘हझ-पाओ’, म्हणजे पेटी-तोफ. ‘पाओ’ हे मुळात दगड भिरकावणारं यंत्र. त्याच्या एका जुन्या अक्षरात दगडाची खूण अजून दिसते.

खरी मौज दुसऱ्या नावात आहे. दक्षिण चीनमधल्या कॅन्टनी बोलीत याला ‘बोक्-होक्’ म्हणतात, आणि ते इंग्रजी ‘बॉक्स’चंच रूप आहे. काही पंडित म्हणतात, छे, ‘बोक्’ म्हणजे जोडणं, ‘होक्’ म्हणजे कवच, तेव्हा शब्द अस्सल चिनी. मला हे साफ अमान्य आहे. चिनीत परका शब्द लिहायचा तर अक्षरंच घ्यावी लागतात, आणि प्रत्येक अक्षराला काही ना काही अर्थ असतोच. लिहिणारा चतुर असेल तर ध्वनीबरोबर अर्थही जुळवतो. त्या जुळणीलाच व्युत्पत्ती समजायचं, तर आपल्या ‘काडतुसा’तही काडी आणि तूस सापडेल! तो शब्द आला पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून.

याच पिस्तुलाची शान्शी प्रांतातली आवृत्तीही बघा. तिथला सत्ताधीश यान शीशान याने ताययुआनच्या कारखान्यात ती .४५ इंची काडतुसासाठी थोराड करून घडवली, कारण त्याच्या सैन्याकडच्या थॉम्पसन बंदुकांनाही तेच काडतूस लागे. नाव ‘नमुना १७’. हे १७ म्हणजे १९१७ नव्हे. चिनी प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष १९१२, म्हणून सतरावं १९२८. पिस्तुलाच्या एका अंगावर ‘नमुना एक-सात’ कोरलेलं असतं, दुसऱ्यावर ‘प्रजासत्ताक वर्ष अठरा, जिन येथे घडवलं’. जिन हे शान्शीचं जुनं नाव. चिनी नेता च्यांग कै-शेक याच्या नावाची रायफल ‘नमुना २४’, म्हणजे १९११ मिळवून १९३५. पण ‘हान्यांग ८८’ या चिनी रायफलीतले ८८ मात्र जर्मन मूळ रायफलीचं साल, १८८८. तिथे १९११ मिळवायला जाऊ नका.