औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू दिल्या तर पेशंटचं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा आहे, की कंपनीनं डॉक्टरला दिवाळीला काही दिलं तरी औषध तर तेच मिळतं, मग त्यावर एवढी बंधनं कशाला? मी अकरा वर्षं मुंबईत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांचा प्रचार करणारा कंपनीचा प्रतिनिधी, होतो. लालबाग, परळ, शिवडी हा माझा एरिया. मी स्वतःच्या हातानं वस्तू पोचवल्या आहेत, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो.

वस्तू देण्याआधी आणि दिल्यानंतर आम्ही एक काम करायचो, त्याला आरसीपीए म्हणतात. क्लिनिकजवळच्या मेडिकलमध्ये जायचं आणि कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर आपल्या ब्रँडच्या किती पट्ट्या गेल्या, दुसऱ्या कंपनीच्या किती, हे विचारून लिहून घ्यायचं. महिनाअखेरीला एरिया मॅनेजर ते आकडे डॉक्टरच्या नावापुढे मांडायचा. एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये आम्ही एसी बसवून दिला होता. तीन महिन्यांनी मॅनेजरनं मला विचारलं, "त्यांच्याकडून किती आलं?" आमच्या पित्ताच्या गोळीच्या पट्ट्या वाढल्या नव्हत्या. त्यानंतर मला आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे पाठवलं गेलं, आणि पट्ट्या वाढल्या. तेवढ्या काळात परळमधल्या लोकांचं पित्त काही वाढलं नव्हतं.

अशाच एका मेडिकलच्या काउंटरवर मी आकडे उतरवत होतो. शेजारी एक आजी उभ्या होत्या, हातात त्याच डॉक्टरांची चिठ्ठी. मेडिकलवाल्या काकांनी रक्कम सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अर्धीच पट्टी दे रे बाबा, उरलेली पुढच्या आठवड्यात नेते." त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची पट्टी मागच्या फळीवर होती, निम्म्याहून कमी किमतीत. पण चिठ्ठीवर आमच्या ब्रँडचं नाव होतं, आणि चिठ्ठीवरचं नाव बदलायची काकांना मुभा नाही. ती अर्धी पट्टी माझ्या वहीत विक्री म्हणून लागली. हे मला आजही छळतं.

म्हणून औषध "तेच" मिळतं, हे मला मान्य नाही. घटक तोच असतो, किंमत तीच नसते. कधी तर गरज नसलेलं टॉनिकही चिठ्ठीत येतं.

कायद्याचं म्हणाल, तर डॉक्टरांवरचं बंधन जुनं आहे. मेडिकल कौन्सिलनं डिसेंबर 2009 मध्येच भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार आणि रोख रक्कम घ्यायला मनाई केली. देणारी कंपनी मात्र मोकळी राहिली, उलट हा खर्च धंद्याचा म्हणून दाखवून करात सूट मागत राहिली. 2012 मध्ये आयकर खात्यानं परिपत्रक काढून ही सूट नाकारली. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 22 फेब्रुवारी 2022 ला एपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात निकाल लागला. झिंकोविट या गोळीच्या प्रचारासाठी डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप दिल्याचा तो मामला होता. कंपनीचं म्हणणं होतं की नियम डॉक्टरांना लागू आहे, आम्हाला नाही. न्यायालयानं ते फेटाळलं. घेणाऱ्याला जे निषिद्ध आहे त्यावर देणाऱ्याला सूट मिळणार नाही, आणि या वस्तू खऱ्या अर्थानं फुकट नसतातच, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत धरलेला असतो, असं निकालात स्पष्ट आहे. तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही.

मग मार्च 2024 मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागानं कंपन्यांसाठी नवी संहिता आणली. डॉक्टरला किंवा घरच्यांना वैयक्तिक भेट नाही. डायरी, कॅलेंडर, पुस्तक अशा वस्तू 1000 रुपयांपर्यंत. नमुन्याच्या गोळ्यांचं मूल्य कंपनीच्या देशातल्या वार्षिक विक्रीच्या 2 टक्क्यांपर्यंत. नियम चांगले आहेत. पण तक्रार ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची, आणि शिक्षा म्हणजे मुख्यतः समज देणं किंवा संघटनेतून काढणं. एवढ्यानं माझ्या त्या मॅनेजरची झोप उडाली असती असं मला वाटत नाही. याआधीच्या संहितेला कायद्याचं बळ द्या, ही मागणी घेऊन एमआर लोकांचं फेडरेशन 2024 च्या आधीच सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. टार्गेटचा जाच सोसणाऱ्यांनीच ती केली, याचा मला अभिमान आहे.

सगळे डॉक्टर असे नसतात, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शिवडीतले एक वयस्कर डॉक्टर माझं सगळं बोलणं ऐकायचे, औषधाबद्दल बारीक प्रश्न विचारायचे आणि बॅगेतून पेन काढलं तरी म्हणायचे, "ते राहू दे, किंमत किती ते सांग." मला औषधांतलं जे काही कळतं, ते त्यांच्यासमोर उत्तरं देता देता कळलं.

अमेरिकेत कंपनीनं कुठल्या डॉक्टरला किती दिलं हे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. आरसीपीएच्या वहीत कंपनी डॉक्टरचा हिशेब ठेवते, तसा हिशेब पेशंटलाही बघता यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर डॉक्टरांना एवढं विचारा: "डॉक्टर, याच घटकाची कमी किमतीची गोळी चालेल का? चालत असेल तर घटकाचं नाव लिहून द्याल का?" शिवडीच्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडायचा.