वहीतली पायदानं

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातला, वय २३. कॉलेजपासून दर रविवारी आवडीची २० गाणी क्रमाने वहीत लिहितो. अल्बमची यादी वेगळी. पण नवं गाणं आलं की थेट पहिल्या नंबरावर बसतं आणि पंधरवड्यात गायब होतं. दोन गाणी सारखीच आवडली तर काय करायचं? अल्बमचा क्रम कसा लावायचा? आणि गणपतीत वाडीतल्या मंडपात दिवसभर वाजणारं गाणं धरायचं का? आई विचारते, "ह्या वह्यांचा काय लोणचा घालतलंस?"

उत्तर : आईला माझा नमस्कार. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातही असंच विचारायचे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लागायचं, खरखरीतून अमीन सायानींचा आवाज यायचा आणि मी 'बिनाका गीतमाला' या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमातली पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, उतरवून घ्यायची. शेजारच्या रकान्यात माझा स्वतःचा क्रम. दोन्ही कधी जुळले नाहीत, आणि खरी गंमत त्यातच होती.

आधी बरोबरीचं बघू. त्यात संकोच कसला? ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या संगीत साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ला खपाच्या गाण्यांची पहिली यादी छापली, ती दुकानांना फोन करून, खप विचारून. यादी बाराची, गाणी मात्र पंधरा! सातव्यावर दोन, आठव्यावर दोन, अकराव्यावर दोन. सातवा नंबर दोघांत वाटला तरी पुढचा आठच धरला, म्हणून ती मावली. तूही खुशाल तसंच कर.

नव्या गाण्याला पहिल्या आठवड्यात दहाव्याच्या वर चढू देऊ नकोस. दम असेल तर पुढच्या रविवारी चढेलच. उलट एखादं महिनोन्महिने हलत नसेल, तर त्याला मानाने निरोप दे. गीतमालेत ठरावीक आठवडे पुरे केलेल्या गाण्याला 'सरताज गीत' म्हणून असंच बाजूला काढत.

अल्बमची यादी आठवड्याला करतोस, तिथेच घोळ आहे. ती महिन्याला कर. १९४८मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं सलग वाजायची. अल्बम ऐकण्याची सवय त्यातून पडली. म्हणून मी एकच अट घालते : पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता ऐकलेला अल्बमच यादीत. आंब्याच्या पेट्या भरताना हे सहज जमतं, हात आंब्यात आणि कान मोकळे.

मंडपातलं गाणं धरू नकोस. तू लावलंस का? नाही ना? मग ते वाडीचं. तीच गोष्ट गाणं किती वेळा वाजलं ते दाखवणाऱ्या मोबाइलच्या आकड्यांची. ब्रिटनने जुलै २०१४मध्ये सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या, यादीत स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली, तेव्हा शंभर वेळा वाजलं की एक विक्री असा हिशेब ठेवला. नुसतं वाजणं आणि पैसे मोजून घेणं यातला फरक त्यांनाही मान्य होता. रविवारी आधी आठवणीने यादी लिही, मग हवं तर मोबाइल बघ.

वर्षअखेरीला पहिल्याला २० गुण, विसाव्याला १, अशी बेरीज मार. पानावर तारीख घाल. आणि जेल पेन वापरू नकोस. आपल्याकडच्या जुलैत पानं सर्द होतात, शाई पसरते आणि चौथ्या नंबरावर कोण होतं ते ओळखू येत नाही.