रॉक कॉन्सर्टच्या आठवणी: तिकिटं, टेप आणि तारखांचा घोळ

या वेळी आलेले प्रश्न बहुतेक एकाच पिशवीतले आहेत: कॉन्सर्ट होऊन गेली, आता हातात जे उरलंय ते टिकवायचं कसं आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

प्र. एकाच बँडचे दोन शो पाच वर्षांच्या अंतराने पाहिले. कुठलं गाणं कुठल्या शोमध्ये वाजलं याची सरमिसळ झाली आहे. बरोबरचा मित्र भलतंच सांगतो. खरं कसं शोधायचं?

उ. आधी मित्राशी त्या विषयावर बोलणं थांबवा. थट्टा नाही ही. दोघं गप्पा मारत आठवायला बसले की जो ठासून बोलतो त्याची आठवण दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसते, आणि मग दोघंही शपथेवर तेच सांगू लागतात. वेगवेगळे बसा, आपापलं कागदावर उतरवा, खाली तारीख घाला, मगच कागदांची अदलाबदल करा.

लिहिताना गाण्यांपासून सुरुवात करू नका. तीच गाणी तुम्ही नंतर रेकॉर्डवर शेकडो वेळा ऐकली आहेत, त्यामुळे कानात घुमतंय ते मैदानातलं की घरच्या स्पीकरमधलं हे सांगता येत नाही. जागेपासून सुरुवात करा. उभे कुठे होता? बेसवाला तुमच्या बाजूला होता की पलीकडे? आधी कोण वाजवून गेलं, मध्ये किती वेळ ताटकळलात, बाहेर पडताना पाऊस होता का, घरी कसे पोचलात? हे फुटकळ तपशील रेकॉर्डवर नसतात, म्हणूनच ते कामाचे. शिवाय पाऊस किंवा आधी वाजवणारा बँड हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तपासता येतं.

छापील पुराव्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. शो पुढे ढकलला गेला तर बहुधा जुनंच तिकीट चालतं, म्हणजे तिकिटावरची तारीख न झालेल्या शोची असू शकते. टूर टी-शर्टच्या पाठीवरची गावांची यादी दौरा सुरू होण्याआधीच छापतात. रद्द झालेले शोसुद्धा तिथे मानाने बसलेले असतात. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवरची लेबलं तर सगळ्यात बेभरवशाची. गायक बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यातलं, गर्दीतून कुणीतरी ‘जूडास’ (म्हणजे विश्वासघातकी) ओरडतो ते रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून फिरलं. होतं ते मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं, १७ मे १९६६ चं. जुनं नाव इतकं रुजलं होतं की १९९८ साली ते अधिकृतपणे निघालं तेव्हाही मुखपृष्ठावर रॉयल अल्बर्ट हॉलच राहिला, फक्त अवतरणचिन्हांत.

प्र. आमचे एक ज्येष्ठ स्नेही अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक रॉक महोत्सवाला होतो असं सांगतात. रात्रीच्या अंधारात, खचाखच गर्दीत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवताना पाहिला म्हणे. विचारायचं कसं?

उ. प्रेमाने विचारा, पण विचारा. हेंड्रिक्स स्टेजवर आला तो सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ ला, सकाळच्या उजेडात, आणि तोवर बहुतेक लोक घरच्या वाटेला लागले होते. याचा अर्थ स्नेही खोटं बोलतात असा नाही. आदल्या रात्रींतला अंधार आणि गर्दी खरी असेल, हेंड्रिक्स नंतर पडद्यावर पाहिलेला असेल, आणि दोन्हींची मधे कधीतरी शिवण बसली असेल. ‘महोत्सव कुठल्या गावात होता?’ हा प्रश्नही उपयोगी पडतो. तो वुडस्टॉक गावात झालाच नाही. तो झाला बेथेलजवळच्या मॅक्स यास्गर यांच्या शेतावर. असं इतरत्रही होतं: सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या ४ जून १९७६ च्या मँचेस्टरमधल्या शोला जेमतेम काही डझन माणसं होती. ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांनी आता एखादं स्टेडियम भरेल.

प्र. गर्दीत बसून रेकॉर्ड केलेली एक जुनी कॅसेट मिळाली. आवाज दबका येतो आणि गायक चढ्या पट्टीत गातोय असं वाटतं. काय करावं?

उ. दोन वेगळी दुखणी आहेत, एकेक करून घेऊ.

सर्वांत आधी, कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे शाबूत असतील तर ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग खिडकीतून आत पाहा. टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) अजिबात घालू नका, बुरशी डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते.

आता दबका आवाज. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध, पातळ पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा इवलासा चौकोन असतो. टेपला हेडवर दाबून धरणं हे त्याचं काम. गोंद वाळून तो पडला की टेप हेडपासून सुटते, वरचे स्वर जातात, आवाज येत-जात राहतो. इलाज: स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडा आणि टेपची दोन्ही चाकं उचलून तिच्यात बसवा. टेपला बोटं लावू नका. फेल्ट जागेवर असेल तर हेडचा कोन जुळत नसणार. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित कललेलं असेल, तर तुमच्या सरळ हेडला झांजा नीट वाचता येत नाहीत. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. आवाज मोनो करून, म्हणजे डावा-उजवा चॅनेल एकत्र करून, टेप लावा आणि तो स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. झांजांची सळसळ सगळ्यात खुली वाटेल तिथे थांबा. मोनो अशासाठी की दोन चॅनेल जुळले नाहीत तर ते एकमेकांना खातात आणि चूक लगेच कानाला कळते. हे प्रयोग जुन्या डेकवरच करा, आणि डॉल्बीशिवाय (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीशिवाय) रेकॉर्ड केलेली टेप असेल तर डॉल्बी बंद ठेवा.

चढी पट्टी ही बहुतेक वेळा बॅटरीची करामत. रेकॉर्ड करताना सेल उतरले, मोटर हळू फिरली, आणि आता ती टेप योग्य वेगाने वाजवली की सगळं जलद आणि चढं ऐकू येतं. कानाने दुरुस्त करायला जाऊ नका. हेंड्रिक्ससकट कितीतरी रॉक गिटारवादक तारा अर्धा स्वर उतरवून लावतात. रेकॉर्डशी पट्टी जुळवायला गेलात तर बरोबर असलेली टेप बिघडवून बसाल. त्यापेक्षा टेप संगणकावर घेऊन स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात, गुणगुण शोधा. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अँपमधून विजेची घरघर येते. शो ज्या देशात झाला तिथली वीज ५० हर्ट्झची असेल तर ही घरघर १०० वर आणि ६० हर्ट्झची असेल तर १२० वर ठळक दिसते. समजा १२० ऐवजी स्पेक्ट्रममध्ये १२३.६ दिसली, तर टेप ३ टक्के जलद आहे, म्हणजे जवळपास पाव स्वर चढी. वेग ९७.१ टक्क्यांवर आणा. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलायची, नुसती पट्टी नाही. हे मोजमाप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा घ्या, कारण सेल उतरतच जातात आणि चूक वाढतच जाते.

डिजिटल प्रत २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेशी. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मूळ प्रतीवरची खरखर काढू नका, टाळ्या आणि शेजाऱ्यांची बडबड कापू नका. साफसफाई हवी तर दुसऱ्या प्रतीवर.

आणि टेपवर नाही म्हणजे वाजलंच नाही असं समजू नका. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सचा शेवटचा तिकीट लावलेला शो झाला. त्यांचे प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांनी तो कॅसेटवर घेतला. बाजू ३० मिनिटांची, त्यामुळे शेवटचं गाणं चालू असतानाच टेप संपली.

प्र. जुन्या तिकिटांची छपाई उडत चालली आहे. लॅमिनेट करून ठेवू का?

उ. मुळीच नको. उडणारी छपाई म्हणजे बहुधा थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. लॅमिनेटरमधून काढलंत तर अख्खं तिकीट काळं होऊन बाहेर येईल. हेअर ड्रायरने अक्षरं परत आणण्याची युक्ती सांगितली जाते, तीही याच कारणाने नको. मऊ पीव्हीसीची पाकिटं, चिकटपट्टी, चिकट पानांचे अल्बम हे तिन्ही टाळा. त्यांतली रसायनं छपाई खातात. पॉलिस्टरचं पाकीट, अंधार, थंड कोरडी जागा. त्याआधी, म्हणजे आजच, दोन्ही बाजू रंगीत मोडमध्ये ६०० डीपीआयला स्कॅन करा. अक्षरं डोळ्यांना दिसेनाशी झाली असतील तर फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल-हिरवा-निळा असे चॅनेल वेगळे करून निळा तेवढा पाहा. पिवळसर उरलेली अक्षरं त्यात पुष्कळदा वाचता येतात.

प्र. फोनवरच्या व्हिडिओत नुसती घरघर आहे. मित्राच्या फोनवर आवाज चांगला आला आहे. तो माझ्या चित्राला जोडला तर पुढे-मागे होतो.

उ. तुमचा आवाज फाटला आहे, म्हणजे लाटेचे माथेच छाटले गेले आहेत. सॉफ्टवेअर ते अंदाजाने भरून काढतं, परत आणत नाही. जोडणं हाच मार्ग बरा. मित्राकडून मूळ फाइल घ्या, चॅटवरून आलेली नको. तिथे आवाज आवळला जातो आणि चित्रीकरणाची तारीखही बहुधा पुसली जाते. दोन्हींत ऐकू येणारा बास ड्रमचा एकच ठोका पकडून आवाज जुळवा.

तरी ओठ जुळणार नाहीत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून ६८ मीटर मागे असाल तर काठी झांजेवर पडलेली दिसते आणि ‘झण्ण’ पाव सेकंदाच्या जरा आत, ०.२ सेकंदाने येतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हा फरक ५ फ्रेमचा. तेव्हा जुळवलेला आवाज तेवढा आधी, म्हणजे व्हिडिओच्या सुरुवातीच्या दिशेने, सरकवा. सुरुवातीला जुळून पुढे घसरत गेला, तर फोनने फ्रेमचा वेग मध्येच बदललेला असतो. आधी व्हिडिओ स्थिर फ्रेम-वेगात रूपांतरित करा.

प्र. स्टेजवरचा सेटलिस्टचा (वाजवायच्या गाण्यांच्या यादीचा) कागद हाती लागला, पण त्यातली दोन गाणी वाजलीच नाहीत. नकली आहे का?

उ. असेलच असं नाही. तो बेत असतो, अहवाल नव्हे. वेळ संपत आली की गाणी गाळतात. मागची गॅफर टेप (जाड कापडी चिकटपट्टी) ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो.

प्र. टूर टी-शर्टवरचं चित्र तडकतंय.

उ. उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत आडवा वाळवा. ड्रायर नको, चित्रावर इस्त्री नको. तडे गेलेले परत भरत नाहीत.

प्र. दरवेळी शोनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजते. चालायचंच का?

उ. नाही. १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटांत दिवसभराची मर्यादा संपते, आणि शो दोन तासांचा असतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे स्वर सारखे खाली आणतात. फोमचे प्लग झांजा जास्त दाबतात, तरी काहीच नसण्यापेक्षा चांगले. फोमचा प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. नुसता भोकावर टेकवलेला प्लग काही करत नाही. शिट्टी दोन दिवसांच्या पुढे गेली, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचाराला उशीर झाला की ऐकू परत येण्याची शक्यता घटत जाते.