ऐकीव आठवण माहितीपटात कशी आणायची?

प्रश्न : कुर्दी माहितीपटांत इराकी सरकारने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या १९८८च्या अनफाल मोहिमेबद्दल तेव्हा जन्मलीही नव्हती अशी नातवंडं बोलताना दिसतात. हे ऐकीव बोलणं माहितीपटात चालतं का?

उत्तर : चालतं, फक्त ते ऐकीव आहे हे प्रेक्षकाला कळायला हवं. आजी आणि नातू यांच्या मुलाखती आधी वेगवेगळ्या घ्या. एकत्र बसवलं की नातू आजीची वाक्यं पुरी करतो आणि ती गप्प होते. नातवाला दर प्रसंगाला विचारा : हे कुणी सांगितलं, तेव्हा तुझं वय काय होतं, घरात कशाचा विषय काढायचा नाही? शेवटच्या प्रश्नावर बहुतेकदा सगळ्यात जास्त हाती लागतं. आजी म्हणते गावकऱ्यांना न्यायला ट्रक दुपारी आले, नातू म्हणतो पहाटे, दोन्ही ठेवा.

आजीला तारीख विचारू नका. नवरोज होऊन गेला होता का, रोजे सुरू झाले होते का, असं विचारा. नवरोज म्हणजे कुर्दी नववर्ष, २१ मार्चला. त्या वर्षी रमजान १८ एप्रिलच्या सुमारास लागला. इराकी कुर्दिस्तानातल्या गर्मियान भागातली अनफालची कारवाई ७ ते २० एप्रिलची, म्हणजे ‘नवरोजनंतर, रोज्यांच्या तोंडावर’ हे उत्तर बरोबर जुळतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक संकलनात होते. इराकमधल्याच हलब्जा या कुर्दी शहरावर त्याच वर्षी १६ मार्चला विषारी वायूचा हल्ला झाला, सुमारे ५,००० माणसं गेली, आणि तिथे पत्रकार पोहोचल्यामुळे चित्रण आहे. गर्मियानची माणसं तोपझावासारख्या छावण्यांत नेली गेली, अनेकांना पुढे वाळवंटात गोळ्या घालून खड्ड्यांत पुरलं. तिथे कॅमेरा नव्हता. मग गर्मियानच्या बाईच्या आवाजाखाली हलब्जाचे मृतदेह लावले जातात. नवऱ्याचा मृतदेहच मिळाला नाही हे तर तिचं दुःख! त्या जागी तिच्या हातातला फोटो दाखवा, नाहीतर तिचा चेहराच राहू द्या.

प्रश्न : भाषांतर नातवाकडूनच करून घेतलं तर?

उत्तर : नको. आजीची लाज राखायला तो अवघड वाक्यं गाळतो. शिवाय बोली बघून माणूस निवडा : तुर्कस्तानातल्या देर्सिममध्ये झाझाकी बोली लागते, इराकी कुर्दांची सोरानी जाणणारा तिथे कामाचा नाही. देर्सिमचं नाव १९३५मध्ये तुंजेली झालं, गावांचीही नावं बदलली. आजी जुनं नाव घेणार, नकाशावर नवं सापडणार. सबटायटलमध्ये तिचंच ठेवा आणि नकाशा दाखवाल तेव्हा दोन्ही लिहा.