कात्री ठेव बाजूला

पोरा,

नाही. तुझ्या कथेतली विड्या वळणारी आजी, अव्वा, तेंदूची पानं कापत बसते ते दीड पान काढायचं नाही.

तू विचारलंस, "मावशी, कथा ३४०० शब्दांची झालीय आणि स्पर्धेची मर्यादा २००० आहे. मधलं काय काढू?" काहीच काढू नकोस. ही कथा या स्पर्धेला पाठवूच नकोस. स्पर्धेसाठी त्या मापाची दुसरी लिही.

त्या दीड पानात काही घडत नाही असं तुझे मित्र म्हणाले. घडत नाही कसं? भिजवलेला तेंदूपत्ता अव्वा निथळवते, पत्र्याचा साचा पानावर ठेवते, जाड शीर चुकवून कात्री फिरवते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. तू ते इतकं सावकाश लिहिलंयस की वाचताना माझी बोटं आखडली. म्हणून तर पुढे कारखान्यात विड्या तपासणारा चेकर मूठभर विड्या छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला टाकतो तेव्हा पोटात कालवतं. एकेक विडी वळताना पाहिलेली असते, म्हणून त्या मुठीची किंमत कळते. ते दीड पान गेलं तर उरतं काय? विडी कामगार बायकांवर अन्याय होतो, एवढी माहिती. ती सोलापुरात कोणाला नवी आहे? पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचार. अव्वा नातवाशी मराठीत आणि स्वतःशी तेलुगूत बोलते, तेही राहू दे. शब्द वाचवायला तिचं तोंड बंद करू नकोस.

चादर लहान हवी म्हणून तिच्यावरच्या मोराची मान कोणी कापत नाही, मागावर नव्याने ताणा चढवतात. हे मी तुला सांगावं? तुझं अर्धं घर मागावर उभं असतं.

शब्दमर्यादेवर माझा राग नाही. परीक्षकांपुढे गठ्ठा असतो, अंकाची पानं मोजकी असतात, मर्यादा घालावीच लागते. ती पाळायची. पण लिहायला बसण्याआधी पाळायची, लिहून झाल्यावर कात्री घेऊन नाही. कथा तिच्या मापाची असते. फापटपसारा असेल तर काढ, तो मर्यादा नसली तरी काढायचाच. पण तू जे काढायला निघालायस तो फापटपसारा नाही.

हा मावशीचा हट्ट आहे असं वाटेल तुला. आहेच. एका अंकाने माझी कथा जागा पुरत नाही म्हणून शेवटून कापून छापली. मला विचारलंसुद्धा नाही. माझी बाई शेवटी घरी परत जात होती, छापलेल्या कथेत ती एसटी स्टँडवरच राहिली. लोकांनी पत्रं लिहून त्या 'धाडसी' शेवटाचं कौतुक केलं. त्या कौतुकाचा मला अजून राग येतो. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी "जरा आटोपशीर करा" म्हटलं, त्यांच्याकडून मी कथा परत मागवल्या. त्यामुळे पुस्तक फार उशिरा आलं. आईच्या हातात ते देता आलं नाही, ही खंत जन्मभराची आहे. पण त्या कथा आज जशा लिहिल्या तशा आहेत, त्यांतली एकही बाई भलत्याच ठिकाणी उभी नाही. काही जणांनी याला गर्व म्हटलं. हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर त्याला तत्त्वाचा माणूस म्हणाले असते. असो, माझं पुराण पुरे.

तुझ्या नियमपत्रकात एक नियम आहे, तो तू वाचलाच नसणार. 'आलेल्या सर्व कथांचे हक्क आयोजकांकडे राहतील.' सर्व! बक्षीस न मिळालेल्यांचेही. आणि प्रवेशिकेखाली सही मागितलीय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचा पहिला मालक तू. हक्क दुसऱ्याला जातात ते लेखी आणि तुझ्या सहीने. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणून सही करण्याआधी त्यांना पत्र टाक, 'फक्त एकदा छापण्याची परवानगी देतो, चालेल का?' म्हणून विचार. नाही म्हणाले तर दुसरी स्पर्धा शोध. लाजू नकोस, हक्क तुझा आहे. आणि कथेचा तुकडा फेसबुकवर टाकू नकोस, 'अप्रकाशित'च्या अटीत अनेक जण तेही धरतात.

आता २००० शब्दांत काय मावतं ते बघ. एक जागा, एक वेळ, दोन माणसं. अव्वाचा जन्म त्यात मावणार नाही. पण तूच सांगितलं होतंस ना, रात्रपाळीला शेजारच्या मागावरच्या मामांनी तुझ्याकडे पैसे उसने मागितले ते? खडखडाटात ऐकू जाईना, म्हणून त्यांना ती गोष्ट ओरडून मागावी लागली, आणि तुलाही नाही म्हणायला ओरडावं लागलं. सकाळी दोघं एकाच रिक्षातून घरी आलात. अरे, हीच २००० शब्दांची कथा! ती रिक्षातच सुरू कर. मामांची गरिबी समजावून सांगत बसू नकोस, त्यांनी ओरडून मागितलं एवढं पुरे. लिहून झाली की घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. ऐकणारा उठून पाणी प्यायला गेला तर कुठल्या ओळीला गेला ते लक्षात ठेव.

अव्वाच्या कथेला घाई नाही. पण तिच्यात एक काम बाकी आहे. तो चेकर तू एकदम राक्षस केलायस. त्याच्याही मागे कोणीतरी माल मोजत उभा असेल ना? ते एका वाक्यात येऊ दे. त्याने शब्द वाढतील. वाढू देत.

तुझी,
मावशी